सतरानंतर एकोणीस

“हनुवटी वर घे. अजून. आता हलू नकोस, नाहीतर दहावीच्या पोराच्या गालावर ब्लेडची रेघ दिसेल,” मेकअपदादा म्हणाला.

बारक्या हलला नाही. सकाळपासूनची ही दुसरी दाढी. तेहतीस वर्षांचा गडी, सातला गाल गुळगुळीत केले की दहाला खुंट पुन्हा हजर. आणि हा गडी गेली सहा वर्षं टीव्हीवरच्या शाळेत दहावीत बसला होता. मालिकेत वर्ष एकच, पण ते काही संपायला तयार नव्हतं. नुसतं स्नेहसंमेलन चार महिने चाललं. कुणाचं तरी कंपासपेटीतलं पत्र चोरीला गेलं, त्याचा छडा लागेपर्यंत मेकअपदादाच्या पोरीचं लग्न होऊन त्याला नातू झाला.

अख्खा वर्गच तसला. पहिल्या बाकावरच्या हुशार मुलीला घरी जुळी होती. तिच्या मागचीला सातवा महिना, म्हणून ती दप्तर पोटाशी कवटाळूनच यायची जायची. खिडकीशी बसणारा दांडगट पोरगा मधल्या सुट्टीत गुडघ्याला मलम चोळायचा. पण सगळेच घोडे उभे केले की एक घोडा उठून दिसत नाही, हे डायरेक्टरचं शास्त्र. वर्गाच्या बाई तर बारक्याहून चार वर्षांनी लहान. कॅमेरा चालू असला की तो तिला “बाई” म्हणायचा, बंद झाला की ती त्याला “दादा”.

आज निकालाचा प्रवेश होता. बाई एकेकाचा नंबर पुकारणार, त्यानं पुढं जाऊन गुणपत्रिका घ्यायची. बारक्याचा नंबर अठरा. रात्री त्यानं शर्टाची कॉलर स्वतः इस्त्री केली होती. ड्रेसवाला सकाळी म्हणालासुद्धा, “आमच्या पोटावर पाय का आणतो रे बाबा?”

दाढी उरकते तोच लेखकसाहेब कागद हलवत आले.

“बारक्या, तोंड गोड कर. तू नापास.”

“म्हणजे?”

“म्हणजे सोमवारपासून नवी तुकडी. पंचविशीतली कोवळी पोरं. ही सगळी पास होऊन घरी. तुला मी भांडून ठेवलाय. मागच्या बाकावरचा नापास दादा. अजून तीन-चार वर्षं तुला मरण नाही.”

दुसरा कुणी असता तर साहेबांचे पाय धरले असते. बारक्या आरशातच बघत राहिला. तिथूनच म्हणाला, “साहेब, काठावर पास करून नाही ठेवता येणार?”

“पास झालेला पोरगा परत दहावीत कशाला बसेल? डोकं गहाण टाकलंस का? जेवणाच्या सुट्टीपर्यंत सांग. नको असेल तर पासांत घालतो, आणि मग सोमवारपासून तू मोकळा.”

साहेब गेले. मेकअपदादानं ब्रश खाली ठेवला.

“ह्यात विचार कसला करतोस, गाढवा? दारात आलेली भाकरी लाथाडायची नसते.”

बारक्याच्या खऱ्या दहावीच्या परीक्षेला पंधरा दिवस राहिले असताना बापाचा हात पिठाच्या गिरणीच्या पट्ट्यात गेला. बाप दवाखान्यात आणि पोरगा गिरणीवर. आई म्हणाली, एवढं वर्ष जाऊ दे बाळा, पुढच्या वर्षी बस. पुढचं वर्ष काही आलं नाही. दहा वर्षं त्यानं लोकांचं दळण दळलं. परीक्षेच्या दिवसांत पोरं गिरणीवरून जायची, पॅड बगलेत आणि पेन खिशाला, तेव्हा हा उगाच पट्टा सैल झालाय का बघायला आत जायचा. दळण द्यायला आलेल्या बायकांच्या नकला करता करता तो नाटकात शिरला, तिथनं टीव्हीत. गणवेश पहिल्यांदा अंगावर चढवला त्या दिवशी कपड्यांच्या खोलीतनं तो अर्धा तास बाहेरच आला नव्हता.

“दादा, खोटा निकाल आहे, ते मला कळतं,” तो म्हणाला. “पण एकदा पुकारलेलं ऐकायचं होतं.”

“एवढीच हौस असेल तर बाहेरून बस ना परीक्षेला.”

“दोनदा फॉर्म भरला. दोन्ही वेळेला शूटिंग लागलं. इथं दहावीत बसायचं म्हणून तिथं दहावीला बसता आलं नाही.”

मेकअपदादाला हसू आलं. मग तो नसलेली पावडर झटकत बसला.

सुट्टीत बारक्यानं जिन्याखाली उभं राहून बायकोला फोन लावला. सगळं सांगितलं. पलीकडं शिवणाचं मशीन थांबलं.

“अहो, मग व्हा की नापास. नापासाला काय पोट नसतं?”

“हं.”

“असं हं काय करता? बोला की.”

“काही नाही गं.”

ती हळूच म्हणाली, “मला कळतंय. पण सासऱ्यांची औषधं आहेत, पोरीची शाळा आहे. मी तरी काय सांगू तुम्हाला?”

तेवढ्यात पोरीनं फोन ओढला. “बाबा, आज तुमचा निकाल ना? काय झालं?”

“संध्याकाळी आहे,” बारक्या म्हणाला आणि फोन ठेवला. तसाच वर गेला. साहेब हात धूत होते. त्यांना म्हणाला, “चालेल.”

दुपारी वर्ग भरला. दिवे लागले. बाई टेबलामागं उभ्या राहिल्या, हातात गुणपत्रिकांचा गठ्ठा. सोळा नंबर गेला. सतरा नंबर, तो गुडघेवाला, लंगडणं लपवत जाऊन आला. बाईंनी कागद उलटला.

“एकोणीस.”

बारक्या उभा होता.

“कट!” डायरेक्टर ओरडला. “अरे तू कुठं निघालास? नापास आहेस तू!”

सगळा वर्ग फिदीफिदी हसला. बारक्याही हसला. “चुकलं साहेब,” म्हणत खाली बसला. पुन्हा पहिल्यापासून. पंधरा, सोळा, सतरा.

“एकोणीस.”

आणि हा परत अर्धा उठलेला. ह्या वेळी कुणी फारसं हसलं नाही. डायरेक्टर वैतागला. “बारक्या, सहा वर्षांत तुझा एक शॉट वाया गेला नाही. आज काय अंगात आलंय?”

“साहेब, मी नाही उठत हो. पाय उठतात.”

तिसऱ्या खेपेला त्यानं दोन्ही हातांनी बाकाची कड धरली. सतरा झाला. बाईंनी कागद उलटायला ह्या वेळी जरा वेळ घेतला. त्याच्याकडं न बघता म्हणाल्या, “एकोणीस.” बारक्याची बोटं पांढरी पडली, पण तो बसून राहिला.

“ओके! वा! काय बाक धरलास रे! हे कुठनं सुचलं तुला?”

काम संपलं. वर्ग मोकळा झाला. टाय सुटले, गळाभेटी झाल्या, गरोदर पोरीनं दप्तर बाजूला टाकून हुश्श केलं. लाइटवाल्यांनी एकेक दिवा उतरवायला घेतला. बारक्या मागच्या बाकावर होता तिथंच होता. सोमवारी परत इथंच यायचं, मग उठायची घाई कसली?

टेबलाशी बाई कागद गोळा करत होती. सामानवाल्यानं छापताना सवयीनं पूर्ण वर्गाच्या गुणपत्रिका छापल्या होत्या. सगळ्यांचे गुण तेच, नावाची जागा कोरी. एक उरली होती. ती घेऊन बाई मागं आली, त्याच्या पुढच्या बाकावर टेकली आणि पेनाचं टोपण काढलं.

“दादा, नाव सांगा तुमचं. पूर्ण.”

सहा वर्षांत तिथं त्याचं नाव कुणी विचारलं नव्हतं. बारक्या उठला. हात मागं बांधले. आधी आडनाव, मग नाव, मग बापाचं, असं शाळेत सांगतात तसं त्यानं सांगितलं. तिनं सावकाश, गोल अक्षरात लिहिलं आणि कागद त्याच्या हातात दिला.

बारक्यानं तो वरपासून खालपर्यंत वाचला. मग परत तिच्यापुढं धरला.

“बाई,” तो म्हणाला, “सही राहिली.”