ओल्या फडक्याची जागा

डबी तळहाताला चटका देत होती. आगपेटीपेक्षा थोडी मोठी, मागून काळी राळ ओतून बंद केलेली, एका कोपऱ्यावरचा निळा रंग उडालेला... शिवहार मिस्त्रीनं हात काढला नाही. तो बॉनेटखाली तसाच वाकून राहिला, आणि औंढ्याच्या अलीकडचा तो रिकामा रस्ता, कुणाच्या तरी शेतात शिजणाऱ्या हळदीचा ओला, मातकट वास, पायाशी पडलेली बॉनेटची सावली – सगळं अर्धवट झोपेत असल्यासारखं त्याच्याभोवती थांबून राहिलं.

गाडी पुनमचंद शेठची, जुनी फियाट. पेट्रोलचा पंप त्यानं कालच नवा बसवला होता आणि आज एकटाच औंढ्यापर्यंत चालवून बघायला निघाला होता. तापली की बंद पडायची, अर्धा तास थांबलं की सुरू व्हायची – सात वर्षांचं दुखणं. पंप तापतो, पेट्रोलची वाफ होते, हे त्याचं निदान. उपाय म्हणजे पंपावर ओलं फडकं. अर्ध्या तासानं गाडी सुरू व्हायचीच, मग निदान खोटं कसं म्हणायचं? पण आज पंप नवाकोरा होता, पेट्रोल वरपर्यंत येत होतं, आणि प्लगची वायर काढून पत्र्याजवळ धरली तर ठिणगीच नव्हती. म्हणजे ही ठिणगी पाडणारी डबी. अर्ध्या तासात पंप निवायचा, तशी हीसुद्धा निवायची... इतकं साधं होतं.

डबी त्यानंच बसवली होती. शहाण्णव साली हैदराबादहून आणली, ठिणगीचे जुने पॉइंट काढून टाकले, आणि पुढचे आठ दिवस हिंगोलीच्या बाजारात तो जरा छाती काढूनच चालत होता. पॉइंट घासायचे, फट जुळवायची, ती कटकट संपली – इलेक्ट्रॉनिक आहे शेठ, जन्मभर बघायला नको! जन्मभर नाही, पण सात वर्षं त्यानं तिच्याकडे खरंच बघितलं नाही. आपण कौतुकानं आणलेल्या वस्तूवर आपणच कसा संशय घ्यायचा...

एकानं घेतला होता. देविदासनं, शेठच्या तेव्हाच्या ड्रायव्हरनं.

"मिस्त्री, पेट्रोल बराबर येऊन राहिलं. ठिणगीच मरून राहिली बगा. त्या डबीवर हात तर ठिवा."

आणि आपण हसलो होतो. तू गाडी हाक, दुरुस्तीचं मी बघतो... मग गाडी सारखी का बंद पडते असं शेठनं विचारलं तेव्हा – हिंगोलीचा जिल्हा झाला, गावात फटाके वाजत होते, त्याच आठवड्यात – आपण काय म्हणालो? फार काही नाही. पेट्रोलात रॉकेल मिसळल्यावर पंप तरी काय करणार, एवढंच. सहज, हात पुसता पुसता. पेट्रोल भरून आणायचा तो देविदासच. शेठनं त्याच्याकडे नुसतं बघितलं. पेट्रोलचोर म्हटल्यावर त्याला पुन्हा हिंगोलीत कुणी स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. मी त्याचं नाव घेतलं नव्हतं... नाव घ्यायची गरजच कुठं होती!

"पाणी पायजे का, मिस्त्री?"

डोक्यावर कळशी घेतलेली भिकाबाई, देविदासची बायको, कधी येऊन उभी राहिली ते त्याला कळलंच नाही. तांडा रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर होता. काट्यांच्या कुंपणापलीकडे त्यांचं पत्र्याचं घर दिसत होतं, दार उघडं. त्यानं फडकं पुढं केलं. तिनं पाणी ओतलं. त्यानं फडकं डबीवर ठेवलं, वाळत आलं तसं पुन्हा भिजवून घेतलं.

भिकाबाई बघत होती.

"हे म्हणतेत तिथंच ठिवलं की आज."

"कोण?" त्यानं उगाच विचारलं.

"आमच्या घरात लेकरालाबी ठाव हाय ती डबी. चुलीपाशी राखंत काडीनं काढून दावतेत – हितं इंजन, हितं पंप, हितं डबी. चार वर्सं व्हतील." तिच्या आवाजात राग नव्हता, त्यानं शोधला, सापडला नाही. "ह्या गाडीचा आवाज वळखतेत. आला, की आत जाऊन बसून राहतेत."

जन्मात मोटारीत न बसलेली ही बाई, आणि तिला ठाऊक होतं... त्यानं किल्ली फिरवली. पहिल्याच सेल्फला इंजिन सुरू झालं, आणि समोरचं उघडं दार आतून कुणीतरी लावून घेतलं.

आता बॉनेट पाडायचं आणि निघायचं. उद्या डबी काढून जुने पॉइंट बसवायचे. शेठ खूश होईल, गाडी कशानं बरी झाली ते कुणी विचारणारसुद्धा नाही. पेट्रोल चांगलंच होतं, हे शेठला सांगायचं की नाही, तेवढं आपल्या हातात. नाही सांगितलं तर काय होईल? काहीच नाही. चार वर्षं झालं नाही, तसंच. त्याला लाज वाटली, आणि ती इतक्या उशिरा वाटली याची जास्तच वाटली.

त्यानं फडकं उचललं. इंजिन चालूच ठेवून तळहात पुन्हा डबीवर टेकवला. गार होती... मग कोमट. भिकाबाई कळशी कमरेवर घेऊन उभी होती, जात नव्हती. गाडी बंद पडली की हाक मारता येईल – देविदास, ये, तूच हात ठेवून बघ... तो येईल की नाही, दार तरी उघडेल की नाही, कोण जाणे. डबी तापत होती, आणि उभ्या आयुष्यात गाड्या चालू करत आलेला शिवहार मिस्त्री बंद दाराकडे बघत, ही एक गाडी बंद पडायची वाट पाहत राहिला.