गानिमची कोंबडी

"फिरंग्यांच्या दवाखान्यात डुक्कर वाढतील तुला, डुक्कर! लाव पैज."

मी असं म्हटलं आणि गानिमचा चेहरा उजळला. लहानपणापासूनचे शेजारी आम्ही. मी ऊन म्हटलं की तो सावली म्हणणार. जन्मभर गाढवं हाकली, त्यांचा स्वभाव अंगात मुरला.

"कोंबडी देतात," तो सुजलेला पाय ओट्यावर लांब करत म्हणाला. "आपल्या मुसलमानांना कोंबडीच. खुराडी कोण पोचवतं तिथं? मीच ना?"

"कोंबड्या ते स्वतः खातात. तुला डुक्कर!"

"कोंबडी!"

"मग जाऊन बघ की."

जिरजिस न्हावी गालातल्या गालात हसला. ख्रिस्ती, पण आमच्याच गल्लीतला, जखमाही तोच बांधायचा. सकाळी त्यानंच मला बाजूला घेतलं होतं. "गानिमचा पाय माझ्या हाताबाहेर गेलाय. काळ्या झग्यावाल्या फिरंगी साधू-शिपायांच्या दवाखान्यात न्या, नाहीतर पाय गुडघ्यातून कापावा लागेल." त्याची बायको, शम्सावहिनी, विनवून दमल्या. गानिमचं आपलं एकच, "तिथल्या फिरंग्यानं माझ्या गाढवाला लाथ मारली. त्यांच्या खाटेवर झोपू? पाय गेला तरी बेहत्तर!" पाय गेल्यावर गाढवांमागं कोण चालणार, ते मात्र बोलत नव्हता.

म्हणून ही पैज. हरणाऱ्यानं भर बाजारात पालथ्या टोपलीवर उभं राहून तीनदा कोंबड्यासारखं आरवायचं.

"जिरजिस, तू साक्षीदार," गानिम म्हणाला. "उचला रे मला. याला आरवायला लावल्याशिवाय मरत नाही मी!"

त्यानं बोलणं फिरवायच्या आत आम्ही त्याला उचलला.

चार दिवसांनी भेटायला गेलो, तर गानिमसाहेब उशीला टेकून बसलेले. समोर थाळी घेऊन उभा होता तो गाढवाला लाथ मारणाराच, तांबड्या दाढीचा शिपाई. त्यांचा नियमच तसा. खाटेवरचा रोगी तो मालक, मग धर्म कुठलाही असो.

"धनी, कोंबडी आणलीय," तो मोडक्यातोडक्या अरबीत म्हणाला.

"मीठ कमी घालतोस रे तू."

"चुकलं, धनी. आणतो."

"आणि लिंबू!"

तो गेला. गानिमनं कोंबडीची तंगडी माझ्या नाकासमोर नाचवली. "काय रे? डुक्कर आहे हे?"

"चेहरा कुठे दिसतोय त्याचा? खात्री कशी पटायची?"

"हरलास! कबूल कर!"

"हरलो बाबा."

तो मिटक्या मारत राहिला. मग आवाज उतरवून म्हणाला, "सकाळी जखम धुतो माझी. गुडघे टेकून." मग त्यानं हाड थाळीत टाकलं. "पण गाढवाचं अजून माफ केलेलं नाही हां मी."

पुढं सुगी उलटून गानिम घरी आल्यावर मी टोपलीवर चढलो. सगळा बाजार लोटलेला. तांबडी दाढीसुद्धा खोगीरवाल्याच्या दुकानापाशी रेंगाळत होती. पहिल्यांदा आरवलो.

"अंडं घालतोयस का रे?" जिरजिस ओरडला.

दुसऱ्यांदा आरवलो. गर्दीमागून, आपल्या गाढवांपाशी उभा राहून गानिम ओरडला, "मोठ्यानं! पैज हरलायस, घसा नाही!"

मग मी छाती फुगवली, मान वर केली आणि असा आरवलो की त्याची गाढवं बिथरली. खुराड्यांसकट उधळली थेट बंदराकडं. गानिमनं माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला, टेकायची काठी फेकली आणि त्यांच्यामागं धावत सुटला.

लोक हसत होते. शम्सावहिनी तोंडाला ओढणी लावून त्याच्या पायांकडं बघत होत्या.

लंगडत होता जरा. पण धावत होता.