शनिवारचा वर्ग

"मास्तरांनी विचारलं, कळलं का? सगळे चिडीचूप. मग एका मुलीनं हळूच 'नाही' म्हटलं, आणि बघतो तर अख्खा वर्ग माना हलवायला लागला. अगं, कुणालाच कळलं नव्हतं!"

ताटातलं अन्न निवत चाललं होतं, पण नवरा थांबायला तयार नव्हता. ती हात धुवायचे विसरून ऐकत बसली.

तो शाळेची बस चालवायचा. विशीत सुटलेलं अर्थशास्त्र त्यानं पन्नाशीत पुन्हा धरलं होतं, तेही ऑनलाइन. सकाळी मुलांना सोडलं की बस सावलीला लावायची, मोबाइल स्टिअरिंगला टेकवायचा आणि रिकाम्या बसमध्ये तास ऐकायचा. सोय मोठी होती. नाही समजलं तर मागे नेऊन पुन्हा ऐकता यायचं. पण घरी आल्यावर तिनं "काय शिकवलं?" विचारलं, की "शिकवलं काहीतरी," एवढंच. आपणच एकटे मठ्ठ, असं त्यानं मनाशी धरलं होतं.

आता विद्यापीठानं विचारलं होतं, पुढचं सत्र मोबाइलवर की दर शनिवारी वर्गात? आज तो नुसता बघायला गेला होता.

"तिथे पुन्हा ऐकता येतं का?" तिनं विचारलं.

"छे! एकदा गेलं की गेलं. निम्मं तर डोक्यावरून गेलं. पण शेजारच्या बाकावरचा बेकरीवाला म्हणाला, काका, चला, दोघं मिळून विचारू."

"मग?"

"विचारलं की!" तो हसला. मग त्यानं ताट पुढे ओढलं. "पण ऑनलाइनच बरं. शनिवार कशाला घालवायचा?"

ती नर्स. वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरांच्या किती विनवण्या करून तिनं शनिवारची सुट्टी मिळवली होती. दोघांना मिळून तेवढा एकच दिवस. तो वर्गात घालवू नकोस, हेच त्याला सांगायचं म्हणून ती आठवडाभर शब्द जुळवत होती. ते आता ओठांवर येईनात.

"वर्गातच जा," ती म्हणाली.

"आणि आपला शनिवार?"

"संध्याकाळ उरते की." ती पाणी आणायला उठली.

पहिल्या शनिवारी घर खायला उठलं. तिनं पडदे धुतले, झोपून पाहिलं, वॉर्डातली एक गंमत सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. शेवटी चपला घालून ती सरळ विद्यापीठाच्या फाटकासमोर जाऊन उभी राहिली.

वर्ग सुटला. चारपाच जणांच्या घोळक्यात तो बाहेर आला. हातवारे करत काहीतरी पटवून देत होता, आणि एक मुलगी "नाही हो काका!" म्हणत वाद घालत होती. इतक्या मोठ्यानं हसताना तिनं त्याला कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

हाक मारायला वर केलेला हात तिनं खाली घेतला. त्याचं बोलणं संपेपर्यंत ती रस्त्याच्या पलीकडेच उभी राहिली.