एक वाजताची तोफ

पिंचगट बेटाच्या किल्ल्यावर दुपारी एकला तोफ उडते. पुढे तिचा धूर आणि मागे सिडनीच्या काचेच्या इमारती, असा फोटो माझ्या नवऱ्याला, क्लाइव्हला, हवा होता. त्यापायी दर रविवारी आम्ही होडी घेऊन किल्ल्याजवळ जायचो, आणि दर रविवारी हा आवाजाने दचकायचा. फोटो हललेला!

"जन्म गेला इथे, तरी दचकतोस मेल्या!" मी करवादायचे.

आज मात्र फोटो लख्ख आला. मी त्याच्या पाठीत धपाटा घातला. "जमलं रे बाबा एकदाचं!"

क्लाइव्ह किल्ल्याकडेच बघत होता. "आज दारू कमी भरली वाटतं. नुसताच धूर, आवाजच नाही."

मला तर कानठळ्या बसल्या होत्या.

"हो ना," मी म्हटलं, "चिंगूस झालेत मेले."