पंधरा मीटरवरून

ओढ्याच्या दरडीत एक बीळ. बिळापासून चार मीटरवर हिरव्या कापडाचा आडोसा, आत प्लास्टिकच्या पाच खुर्च्या आणि त्यांवर मुंबईचे पाच पाहुणे. बिळासमोर एक वाळकी फांदी. ती हर्षददादाने रोवलेली, पक्षी तिच्यावर बसला की फोटो छान येतो म्हणून. बिळात तिबोटी खंड्याची पिल्लं, किती ते दिसत नव्हतं. आणि वर बांबूवर, चोचीत सापसुरळी धरून, त्यांची आई किंवा बाप.

तो पक्षी खाली येत नव्हता.

आडोसा नव्हता तेव्हा मी इथे तासभर बसून मोजलं होतं. आईबाप दोघं मिळून आठ वेळा बिळात खाऊ नेत होते. आज तासात एकदा.

हर्षददादा माझा मावसभाऊ. कशेळ्याजवळ मावशीच्या शेतावर तो पाहुण्यांची सोय करतो. त्यांच्यासाठी त्याने मिररलेस कॅमेरा घेतला होता, आणि मी प्राणिशास्त्र शिकलेली, म्हणून लेन्स निवडायचं काम माझ्याकडे आलं. मैत्रिणीची दोनशे-सहाशे मिलिमीटरची लांब पल्ल्याची लेन्स मी मागून आणली होती.

मी त्याला बाजूला ओढलं. "हीच घे. आणि हे सगळं मागे, बिळापासून पंधरा मीटरवर ने. आत्ता."

"हळू बोल गं. माझी शंभर-चारशे ठरलीय. हलकी हाय. हे नळकांडं पाहुण्यांना झेपंल का?"

"पिल्लं उपाशी आहेत, दादा."

"अगं, मिररलेस हाय तो! आवाज नाय, काय नाय. पक्ष्याला कळत पण नाय."

माझं डोकं फिरलं. "कॅमेरा गप्प आहे रे, माणसं वेफर खातायत! तुझ्या घरात पाच परकी माणसं येऊन बसली, तर तू पोरांना जेवायला वाढशील?"

"रोज तेच करतो की मी."

मला हसू आलं नाही.

"पंधरा मीटरवरून दिसंल काय? मुंगी?"

"पक्षी तेरा सेंटीमीटरचा. सहाशेची लेन्स असली की कॅमेऱ्यातल्या सेन्सरवर पाच मिलिमीटर उमटतो. सेन्सरची रुंदी साडेतेवीस मिलिमीटर. म्हणजे चौकटीचा पाचवा भाग."

"पाचवाच? चारशेनं इथून अर्धी चौकट भरते. आणि लांबच्या लेन्सला या झाडीत उजेड पुरंल का?"

"नाही पुरणार. फोटोत दाणे येतील. ते घरी साफ करता येतात. मेलेलं पिल्लू जिवंत करता येत नाही."

"तू लेन्स सांगायला आलीस का भाषण ठोकायला?"

"लेन्सच सांगतेय!"

तेवढ्यात पक्षी झेपावला. पाचही पाहुणे एकदम पुढे सरसावले. तो अर्ध्यातून वळला, बांबूवर परत गेला आणि सापसुरळी स्वतःच गिळून टाकली.

मी आडोशात शिरले. "उठा. खुर्च्या उचला."

"अहो, आम्ही बुकिंग केलंय," एक बाई म्हणाल्या.

"मागे बसूनही तेच बुकिंग आहे."

मी फांदी उपटून ओढ्यात फेकली, कापडाच्या काठ्या उखडल्या, टेपने मोजून बिळापासून पंधरा मीटरवर पुन्हा ठोकल्या. हर्षददादा मागून ओरडत होता, "आईला सांगतो, थांब तू!" तरी शेवटची काठी त्यानेच आणली आणि आपटली. मी त्याच्या कॅमेऱ्याला दोनशे-सहाशे लावून त्याच्या हातात दिला.

"बघू तुझी मुंगी," तो म्हणाला.

पुढच्या तासात दोघं पक्षी मिळून सहा वेळा खाऊ घेऊन बिळात गेले.