पांढरी तार

"टॉर्च हलवू नकोस गं, एल्मा. बस चालवतेयस का अजून?"

वाइनो कांगस व्हॅनमध्ये उताणा पडला होता. डोकं स्टिअरिंगखाली, पाय दाराबाहेर, एका बुटाची नाडी सुटलेली. मी आयुष्यभर शाळेची बस चालवली आणि निवृत्तीनंतर मला शेजाऱ्याचा टॉर्च धरायचं काम मिळालं.

"तू बोलणं कमी कर, हात चालव," मी म्हटलं. "थंडीने माझे गुडघे गेले."

मागे डेलचा ट्रेलर उभा होता. त्याला स्वतःचे विजेवर चालणारे ब्रेक होते, पण व्हॅनमधून हुकूम मिळाल्याशिवाय ते लागत नाहीत. हुकूम देणारी ती तळहाताएवढी डबी वाइनो बसवत होता. काळी तार बॅटरीला, तांबडी ब्रेकच्या पेडलपाशी, निळी मागे ट्रेलरकडे आणि पांढरी व्हॅनच्या लोखंडाला. खाणीत जन्म घालवलेल्या वायरमनला हे म्हणजे हातचा मळ.

डेल त्याचा मुलगा. ट्रेलर त्यानेच बांधला होता, आतल्या फळीच्या बिछान्यापासून चुलीपर्यंत. चार हिवाळ्यांमागे तो गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला गेला, बर्फ फुटला आणि तो परत आला नाही. त्याची बायको लॉर्ना महिन्याभरात माहेरी जाईल असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. ती गेली नाही. सासऱ्याला आधी वाइनो म्हणायची, मग कधीतरी पापा म्हणायला लागली. शनिवारी वाफेच्या अंघोळीची खोली, आमचा सौना, तापवायची, त्याला रागावून गोळ्या घ्यायला लावायची. आता तिला दूर पश्चिमेला ओरेगॉनच्या इस्पितळात नोकरी मिळाली होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती निघणार होती.

आम्ही कामाला लागण्याआधी स्वयंपाकघरात ती म्हणाली होती, "ब्रेक नाही जमले तर ट्रेलर इथेच राहू दे, पापा. वाटेत डोंगर आहेत, ब्रेकशिवाय मी नेणार नाही. मे महिन्यात येईन न्यायला." वाइनो कॉफी ढवळत राहिला. तो साखर घेत नाही.

"झालं," तो आता म्हणाला आणि कण्हत बाहेर आला.

लॉर्नाने व्हॅन अंगणात हळू चालवली आणि डबीचा खटका दाबला. ट्रेलर मुकाट्याने मागे मागे येत राहिला.

"काहीच नाही, पापा!" ती खिडकीतून ओरडली. "डबीचा दिवाही नाही लागत. जाऊ दे ना! राहू दे ट्रेलर. मी मे महिन्यात येते."

"बघतो," वाइनो म्हणाला.

ती मांस-बटाटा भरलेल्या पॅस्टी गरम करायला आत गेली. वाइनो हत्यारं आवरायला लागला. कसलं बघणं नि कसलं काय! मला राहवलं नाही. मीच टॉर्च घेऊन स्टिअरिंगखाली डोकं घातलं. पांढरी तार जाड हिरव्या रंगावर आवळली होती. रंगाला साधा ओरखडाही नव्हता.

"वाइनो, ही तार रंगावर आहे."

तो पक्कड पुसत राहिला.

"अरे, उघड्या लोखंडाला लागल्याशिवाय वीज कशी वाहील? बस चालवणाऱ्या बाईला कळतं हे."

"वय झालं माझं."

"माझंही झालंय. मला उल्लू बनवू नकोस."

तो बंपरवर बसला. आमच्या फिनिश लोकांकडून शब्द काढणं म्हणजे दाढ उपटणं. शेवटी म्हणाला, "मे महिन्यात येते म्हणाली ना ती."

"येईल. ट्रेलरसाठी येईल. तुझ्यासाठी नाही."

हे मी जरा जोरातच बोलले.

"मग माझ्याकडे दुसरं आहे काय, तिला बोलवायला?" तो म्हणाला. "सकाळी जिन्यावर तिचे पाय वाजतात, म्हणून मी उठतो गं, एल्मा. नाहीतर कशाला उठायचं?"

"मग सांग ना तिला हे. तोंड शिवलंय का तुझं?"

"मुलगाच राहिला नाही. कुठल्या नात्याने थांब म्हणू?"

तो उठला, पॉलिशपेपर घेतला आणि पुन्हा उताणा झाला. मी टॉर्च धरला. हिरवा रंग खरवडला गेला, खालचं लोखंड चकाकलं, त्याने तार आवळली आणि डबीत दिवा लागला.

लॉर्नाला बाहेर बोलावलं. तिने पुन्हा व्हॅन हळू पुढे घेतली आणि खटका दाबला. मागून कोणी कोट धरावा तशी व्हॅन जागच्या जागी थबकली, खडी करकरली. किती वेळ ती खाली उतरलीच नाही.

"लागले?" वाइनोने विचारलं.

"हो, पापा. लागले."

मी तिचा उतरलेला चेहरा पाहिला आणि मला कळलं. मे महिना तिलाही हवा होता. तिच्याकडेही दुसरं निमित्त नव्हतं. मी तोंड उघडलं होतं, पण वाइनो तिला समजावत सुटला होता. भरलेल्या ट्रेलरला डबीवरचा आकडा किती ठेवायचा, ओल्या रस्त्यावर किती कमी करायचा, उतारावर इंजिनाला काम कसं करू द्यायचं. ती मान डोलावत होती आणि डबीकडेच बघत होती. मी तोंड मिटलं.

सकाळी गवतावर दंव पांढरं झालं होतं. लॉर्नाने मला मिठी मारली, मग त्याला.

"पापा, मी..."

"उतारावर घाई करू नकोस," तो म्हणाला.

"नाही करणार."

व्हॅन टेकडी उतरली. खाली आमचा रस्ता हमरस्त्याला मिळतो, तिथे ती थांबली. ट्रेलरचे ब्रेकचे दोन्ही तांबडे दिवे लागले. हमरस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, तरी दिवे लागलेलेच राहिले.

"हाक मार तिला," मी म्हटलं.

"इथून ऐकू नाही जायचं."

"मार तरी!"

त्याने हाक मारली नाही, पण हात वर केला, अगदी उंच, खाणीच्या तोंडाशी वरच्या माणसाला खूण करायचा तसा. दिवे अजून लागलेलेच होते. मग ते विझले आणि व्हॅन पश्चिमेला वळली.

ट्रेलर झाडांमागे गेला, तरी वाइनोचा हात वरच होता. मीच तो धरून खाली घेतला.