अकरापैकी नववी फांदी

रामसजीवनच्या उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं गेली, त्याला आज नऊ दिवस झाले. नऊ दिवसांत मला एकदाही रडू आलं नाही. भूक लागते, झोप लागते, मानेसरला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये मी खिडकीची जागासुद्धा पकडते. मी त्या कारखान्याची सेफ्टी ऑफिसर आहे. काहीतरी वाटायला हवं एवढं मला कळतं. वाटत मात्र काहीच नाही.

आमच्याकडे सुरक्षेसाठी माइंड मॅप काढतात. खूळ माझंच. मधोमध मशीनचं नाव लिहायचं आणि त्यातून धोक्यांच्या फांद्या काढायच्या. जानेवारीत मी कँटीनच्या टेबलांवर मोठा कागद अंथरला, पत्रा दाबणाऱ्या प्रेसवरच्या कामगारांना स्केचपेनं दिली आणि म्हटलं, ज्याची भीती वाटते ते लिहा. आधी सगळे एकमेकांकडे बघून हसले. मग लिहायला लागले तर कागद पुरेना.

पण आमचे प्लांट हेड अंशुमन सर यांना सगळं एका स्लाइडवर लागतं. मी अकरा फांद्यांच्या सात केल्या, प्रत्येकीला वेगळा रंग दिला, अक्षर मोठं केलं. हेड ऑफिसात टाळ्या पडल्या आणि मला स्टीलचा थर्मास मिळाला. त्यातलाच चहा मी अजून पिते.

आता अपघाताचा मॅप काढायचा होता. मधोमध 'चार नंबर प्रेसमध्ये हात सापडला' आणि फांद्यांवर कारणं. सरांनी कारण तयारच ठेवलं होतं.

"रोशनी, सिंपल रखो यार. बयान पे अंगूठा लगा है. अनपढ़ आदमी है, बोर्ड पढ़ नहीं पाया, हाथ डाल दिया. बस, एक ही ब्रांच."

मी जबाब पाहिला. हॉस्पिटलात घेतलेला, खाली डाव्या अंगठ्याचा जांभळा ठसा. उजवा हात कोपरापर्यंत बँडेजमध्ये असलेला माणूस सही कशाने करणार, हे विचारायचं सोडून मी भलतंच विचारलं.

"सर, उसकी नौकरी?"

"ग़लती उसकी है तो वापस कैसे लें?"

"बिल्कुल सर," मी म्हणाले. अशा वेळी माझी जीभ मला न विचारताच चालते.

संध्याकाळी दिल्लीत द्वारकेला घरी आले आणि कपाटावरची जानेवारीतल्या त्या कागदाची गुंडाळी खाली काढली. बाबा केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेत; कागद दिसला की त्यांना राहवत नाही. त्यांनी दुसरं टोक धरलं.

नववी फांदी हिरव्या पेनाने काढलेली होती. 'चार नंबर का सेंसर तार जोड़कर बंद रखते हैं. हाथ अंदर हो तब भी प्रेस चलता है. रामसजीवन.'

"अक्षर कोणाचं गं? काय सुरेख आहे!"

"ज्याचा हात गेला त्याचं."

बाबा खुर्चीत बसले. "आणि ही फांदी तुझ्या त्या स्लाइडवर होती?"

"जागा नव्हती. मेंटेनन्सला फोन करून सांगणार होते. राहून गेलं."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी त्या हिरव्या ओळीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "माझ्या वडिलांनी जन्मभर अंगठा उठवला. त्यांना लिहिता येत नव्हतं. ह्याला येत होतं ना?"

मी जेवले, भांडी घासली, झोपले. शांत झोप लागली, याची लाज आता वाटते. तेव्हा तीही वाटली नाही.

सकाळी मीटिंगमध्ये स्लाइड न लावता मी तो कागद पडद्यावर टेपने चिकटवला. कँटीनच्या डाळीचा पिवळा डाग मधोमध होता. सर उठून जवळ गेले. हिरवी ओळ त्यांनी वाचली, मग पुन्हा वाचली.

"ये किसने लिखा है?"

"रामसजीवन ने. जनवरी में. अनपढ़ नहीं है, सर."

सरांचा आवाज एकदम खाली आला. "पहली स्लाइड में तो ये था नहीं. सोच लो रोशनी, ये काग़ज़ रिपोर्ट में लगा तो सबसे पहले यही पूछेंगे कि हटाया किसने."

मी विचार केला. खोटं कशाला सांगू, मनात आलंच. कागद काढून गुंडाळायला दोन मिनिटं पुरली असती.

मी टेबलावरचं पेन उचललं. नवव्या फांदीला एक उपफांदी काढली आणि तिच्यावर लिहिलं, 'ही सूचना गाळली: रोशनी मेश्राम, सेफ्टी ऑफिसर.' मराठीतच लिहिलं गेलं. त्याच्या सुरेख ओळीखाली माझं अक्षर वाकडंतिकडं, लहान मुलासारखं आलं. दहाव्या दिवशी पहिल्यांदाच मला माझा हात जाणवला, पाचही बोटांसकट.